‘जयपूर फूट’ : डॉ. प्रमोद करण सेठी यांची कारकीर्द

जयपूर : पाय गमावलेल्या लाखो लोकांना पुन्हा चालते करणाऱ्या ‘जयपूर फूट’शी अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

डॉ. सेठी यांचा जन्म १९२७ मध्ये वाराणसी येथे झाला. आग्रा येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी एडिंबरोच्या रॉयल कॉलेजची एफआरसीएस ही पदवी संपादन केली आणि १९५४ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापनास प्रारंभ केला. मूळचे सामान्य शल्यचिकित्सक असूनही पुढे अस्थिव्यंग विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

रुग्णांना बसवलेले पाश्चात्त्य धाटणीचे कृत्रिम पाय अनेकदा पडून राहत, हे त्यांच्या लक्षात आले. त्या पायांना बूट आवश्यक असे. मांडी घालणे, उकिडवे बसणे, चिखलातून अनवाणी चालणे त्यांवर अशक्य होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने असा पाय असून नसल्यासारखाच होता.

यावरील उत्तर कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या हातांतून साकारले. शर्मा यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. मात्र साहित्याची जाण सखोल होती. डॉ. सेठी यांचे शरीररचनेचे ज्ञान आणि शर्मा यांचे कसब यांच्या मिलाफातून १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून नवे पाऊल तयार झाले. ते घोट्यात वळत असे, दिसण्यात खऱ्या पावलासारखे होते, पाण्यात टिकत असे आणि स्वस्तही होते. त्याचे पेटंट घेण्यात आले नाही. त्यामुळे ते कोणालाही बनवता आले.

मज्जारज्जूतील चेतापेशींवर आघात करणाऱ्या पोलिओमुळे अधू झालेल्या मुलांसाठी सोयीस्कर कॅलिपर तयार करण्याकडेही त्यांनी लक्ष दिले.

सुरुवातीला मोजक्या रुग्णांपुरता असलेला हा पाय १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे गरिबांना मोफत मिळू लागला. भूसुरुंगांनी पोळलेल्या अफगाणिस्तानातही तो पोहोचला. याच पायाच्या आधारे नृत्यांगना सुधा चंद्रन रंगमंचावर परतल्या.

डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार व पद्मश्री हे सन्मान लाभले. शर्मा यांच्या वाट्याला मात्र तेवढी प्रसिद्धी आली नाही. ६ जानेवारी २००८ रोजी जयपूर येथे डॉ. सेठी यांचे निधन झाले. रुग्णाच्या जगण्याची रीत समजून घेतल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही, हा त्यांच्या कार्याचा वारसा आजही मार्गदर्शक आहे.