पाय वाचविणारा शल्यविशारद : जॉन हंटर

शस्त्र चालविण्यात निष्णात असे वैद्य जगात पुष्कळ झाले. परंतु शरीर स्वतःचे रक्षण कसे करते, हे धीराने पाहून मगच शस्त्र उचलणारे विरळा. अठराव्या शतकातील जॉन हंटर हा अशा विरळांपैकी एक होय.

जॉनचा जन्म फेब्रुवारी १७२८ मध्ये स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन कधी रमले नाही. पानांचे रंग का बदलतात, मुंग्या व मधमाश्या कशा राहतात, हेच त्याला जाणून घ्यावेसे वाटे. विसाव्या वर्षी, १७४८ मध्ये, तो लंडनला आपला थोरला भाऊ विल्यम याच्या शरीररचनेच्या विद्यालयात गेला आणि तेथे त्याला आपला मार्ग सापडला. शवविच्छेदनात त्याचा हात विलक्षण बसला. त्या काळी विच्छेदनासाठी प्रेते पुष्कळदा थडगी उकरून चोरून आणीत. हंटरच्या ज्ञानामागची ही काळी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. आज तेच ज्ञान स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांच्या औदार्याने मिळते.

१७५९ मध्ये आपल्या सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी, पानिपतचा रणसंग्राम झाला त्याच १७६१ साली, हंटर फ्रान्सजवळच्या बेल-ईल बेटावरील लढाईत सैन्याचा शल्यवैद्य म्हणून जखमींची शुश्रूषा करीत होता. पुढे १७६८ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्याची नेमणूक झाली.

त्याचे सर्वांत मोठे कार्य समजण्यासाठी पायाला रक्त कसे पोचते, हे प्रथम पाहू. हृदयापासून निघालेली महाधमनी पोटातून खाली येते आणि कमरेपाशी दुभंगते. तिच्या प्रत्येक शाखेचे पुन्हा दोन भाग होतात. एक भाग ओटीपोटातील अवयवांना रक्त देतो. दुसरा जांघेतून मांडीत उतरतो. मांडीच्या आतील बाजूस स्नायूंमधील एका अरुंद मार्गातून जाऊन ही धमनी गुडघ्याच्या मागे येते व तेथून पुढे शाखा होऊन पावलापर्यंत पोचते. काकरापारच्या कालव्याला जसे लहानमोठे पाट फुटतात, तशा हिला वाटेत अनेक उपशाखा फुटतात व त्या ठिकठिकाणी एकमेकींना मिळतात.

सायकलच्या ट्यूबचा कमकुवत भाग जसा फुगतो, तशी कधी कधी गुडघ्यामागची धमनी फुगते. याला धमनीविस्फार म्हणतात. तो फुटला तर रोगी दगावे. म्हणून त्या काळी पुष्कळ वैद्य पायच कापीत. काही जण फुगवटा चिरून धमनी बांधीत, पण रोगट धमनीला गाठ टिकत नसे. भूल देण्याची विद्याही तेव्हा नव्हती.

हंटरने विचार केला : रोगट जागेला हात न लावता, वर मांडीत जेथे धमनी निरोगी आहे तेथेच ती बांधली तर? मुख्य प्रवाह थांबला तरी उपशाखा रुंदावून पायाला रक्त देतील, अशी त्याची खात्री होती. डिसेंबर १७८५ मध्ये एका पंचेचाळीस वर्षांच्या गाडीवानावर त्याने ही शस्त्रक्रिया केली. अंदाज चुकता तर पाय सडला असता आणि गरीब गाडीवानाची उपजीविका, कदाचित प्राणही, गेले असते. परंतु पाय थंड पडला नाही. उलट तो दुसऱ्या पायाहून उबदार लागला! सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान आपल्या दोन्ही पायांनिशी घरी गेला. पुढे १७८७ मध्ये तो तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय तपासला. फुगवटा आक्रसून कठीण गाठ झाली होती. यशावर संतुष्ट न राहता त्याचे कारण शोधणे, हा हंटरचा स्वभावच होता. याच पद्धतीने उपचार झालेला त्याचा चौथा रोगी त्यानंतर सुमारे ५० वर्षे जगला.

देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर हा हंटरचाच शिष्य. केवळ तर्क करीत न बसता प्रयोग करून पाहावा, हा गुरूचा उपदेश त्याने सार्थ केला. हंटरचा स्वभाव मात्र तापट होता. इतरांच्या धमन्यांचा अभ्यास करणाऱ्या या पुरुषाच्या स्वतःच्या हृदयाच्या धमन्या रोगट झाल्या होत्या. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत वादविवाद होऊन तो संतापला आणि तेथेच त्याचा अंत झाला. त्याने जमविलेला हजारो नमुन्यांचा संग्रह सरकारने १७९९ मध्ये १५,००० पौंडांना विकत घेतला.

आज शल्यवैद्य शिरेचा तुकडा जोडून रक्ताला नवी वाट करून देतात किंवा धमनीत आतून कृत्रिम नळी बसवितात. हंटरची पद्धत मागे पडली आहे. तरीही मांडीतील त्या अरुंद मार्गाला जगभर हंटरचेच नाव आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या आपल्या सुरतेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उद्या आपल्यापैकी कोणी शिकू लागला, तर त्यालाही ते नाव भेटेल. तेव्हा त्याने एवढे स्मरावे, की पुस्तकाचा कंटाळा करणारा तो मुलगा निसर्गाचा ग्रंथ मात्र जन्मभर एकाग्रतेने वाचीत राहिला, आणि त्या वाचनातूनच एका गाडीवानाचा पाय वाचला.