सर गिल्बर्ट वॉकर

मुलांनो, जून महिना आला की तुम्ही आकाशाकडे पाहता ना? १८९९ साली सगळे असेच पाहत राहिले. पाऊस फारच कमी पडला. हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसे मेली.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे इंग्रज गणिती भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांचा जन्म १८६८ सालचा. बूमरँग फेकण्याचा त्यांना भारी छंद. हवामानशास्त्र मात्र ते शिकले नव्हते!

दुष्काळाची सूचना आधी कशी मिळेल? एका गावचे आकाश पाहून ते कळत नाही. म्हणून वॉकरांनी जगभरातील वेधशाळांच्या अनेक वर्षांच्या नोंदी जमवल्या. तेव्हा संगणक कोठला? भारतीय कारकून दिवसेंदिवस हाताने आकडेमोड करीत. त्यांच्या कष्टांशिवाय हे काम झालेच नसते.

त्यातून एक नवल दिसले. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो कमी होतो. तिकडे कमी झाला की इकडे वाढतो, आणि मग आपल्याकडे पाऊस कमी पडण्याचा संभव असतो. जणू बागेतला सी-सॉच! वॉकरांनी याला ‘दक्षिणी आंदोलन’ म्हटले.

असे का होते, हे त्यांना सांगता आले नाही. त्यांचे अंदाजही पुष्कळदा चुकले. काही शास्त्रज्ञांना त्यांचे म्हणणे पटलेच नाही. १९२४ साली ते इंग्लंडला परतले व १९५८ साली वारले.

१९६९ साली जेकब बियर्कनेस या शास्त्रज्ञांनी ते कारण शोधले. पॅसिफिकचे पाणी कोठे तापते, कोठे थंड राहते, यावर हे सारे अवलंबून असते. तेथे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्यांनी वॉकरांचेच नाव दिले.