विद्युद्दाबाचा पारखी : अलेस्सांद्रो व्होल्टा

तानसेनाच्या समाधीमुळे सर्वश्रुत असलेल्या आमच्या हजिऱ्यात घरचा दिवा गेला, की वडील मंडळी प्रथम टेस्टर शोधू लागतात. त्याच्या मुठीतील नियॉनचा चिमुकला दिवा उजळला, म्हणजे तारेत विद्युद्दाब आहे असे आपण समजतो. या दाबाच्या मापाला ज्याचे नाव मिळाले, त्या व्होल्टाचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

इटलीतील कोमो या सरोवरकाठच्या गावी १८ फेब्रुवारी १७४५ रोजी त्याचा जन्म झाला. पुढे पाविया येथील विद्यापीठात त्याने अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकविले.

त्या काळी वीज ओळखण्यासाठी भेंडाच्या दोन गोळ्या जवळजवळ टांगीत. विद्युद्भार मिळताच त्या परस्परांपासून दूर सरत. भार क्षीण असला तर मात्र त्या हालत नसत, आणि पाहणारा वीज नाहीच असे ठरवून मोकळा होई. व्होल्टाला हे पटेना. दोन चकत्या अगदी जवळ ठेवून त्यांत क्षीण भार साठवावयाचा आणि मग वरची चकती उचलावयाची. तसे करताच दाब वाढतो व लपलेली वीज प्रकट होते, हे त्याने १७८२ साली दाखवून दिले.

आमच्या टेस्टरचीही गोष्ट निराळी नाही. त्यातील मोठ्या रोधामुळे अत्यल्प प्रवाह आपल्या बोटातून व देहातून जमिनीकडे जातो, म्हणून दिवा लागतो. आपण कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असलो, किंवा भर उन्हात पाहिले, तर तार जिवंत असूनही दिवा विझलेला भासतो. म्हणून टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर पारखून घ्यावा, आणि दिवा लागला नाही तरी मेन स्विच बंद केल्यावाचून तारेला हात लावू नये. दाब किती आहे हे तर टेस्टर सांगतच नाही. त्यासाठी फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये व्होल्टमापक जोडावा लागतो.

गॅल्व्हानीने मृत बेडकाच्या पायाला आचके येताना पाहिले व ती प्राण्यातील वीज मानली. व्होल्टाने ती दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून उपजते असे म्हटले, आणि चांदी व जस्त यांच्या चकत्यांमध्ये खारे पाणी शोषलेले तुकडे रचून १८०० साली पहिली विद्युत्घटमाला सिद्ध केली. तिचे धक्के त्याने स्वतःच्या जिभेवर व कानांतही घेतले! (विद्यार्थ्यांनी हे मुळीच करू नये.) पुढल्या वर्षी पॅरिस येथे नेपोलियनने त्याचे प्रयोग पाहून त्याचा गौरव केला.

५ मार्च १८२७ रोजी कोमो येथे तो निवर्तला. १८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेने दाबाच्या एककास व्होल्ट हे नाव मान्य केले. आपल्या घरच्या दिव्यावर २३० या आकड्यापुढे जे अक्षर छापलेले असते, ते त्याच्याच नावाचे होय.