घटक ४ : शंकर बाळकृष्ण दीक्षित – आकाश शिकविणारा शिक्षक

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप पाहिले. या घटकात आपण एका अशा व्यक्तीचे चरित्र अभ्यासणार आहोत, जिचे नाव ज्योतिषाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. सर्वसामान्य मराठी वाचक मात्र तिला जवळजवळ विसरला आहे. ही व्यक्ती म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित होय. ते व्यवसायाने शाळाशिक्षक होते. वेधशाळा, मोठी दुर्बीण, विद्यापीठाची पदवी यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. तरीही भारतीय ज्योतिषाचा पहिला साधार व सविस्तर इतिहास त्यांनी लिहिला आणि तो मराठीत लिहिला.

नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून आपण हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. दीक्षितांनीही आपले सारे संशोधन नोकरी सांभाळूनच केले. म्हणून त्यांचे चरित्र वाचताना केवळ घटनांची यादी लक्षात ठेवू नये. मर्यादित साधनांतून ज्ञान कसे उभे राहते, हा प्रश्न मनाशी ठेवून ते वाचावे.

४.२ जडणघडण

दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि मॅट्रिकची परीक्षाही दिली. औपचारिक शिक्षण येथेच संपले. त्यानंतर रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशी बदल्यांची वाट त्यांच्या वाट्याला आली. धुळे व पुणे येथे ते शिक्षकांना घडविणाऱ्या संस्थांत शिकवीत होते.

या बदल्यांकडे आपण कसे पाहावे? प्रत्येक नव्या गावी ग्रंथ मिळविणे अवघड होई. परंतु आकाश सर्वत्र तेच होते. ग्रंथात जे वाचावे ते रात्री अंगणात उभे राहून पडताळावे, ही सवय त्यांच्या सर्व लेखनात दिसते. शब्दप्रामाण्याला त्यांनी दृष्टीची जोड दिली. त्यांच्या विचारपद्धतीचे हे मुख्य लक्षण आहे.

४.३ रात्रीची दोन घटका मौज

सामान्य वाचकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी दीक्षितांनी लिहिलेले ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्याचे उपशीर्षक आहे. या उपशीर्षकातील प्रत्येक शब्द अर्थपूर्ण आहे. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, अर्थात शाळेतील साधारण एक तास. आणि तो तास अभ्यासाचा न म्हणता मौजेचा म्हटला आहे. मुलाला आकाश शिकवायचे तर आधी त्याला ते आवडले पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे.

या दोन घटकांत काय घडते, ते आपणही पाहू शकतो. आकाश एका तासात सुमारे पंधरा अंश फिरते. म्हणजे दोन घटकांत बारा अंश. हात लांब करून मूठ धरली, तर ती आकाशात सुमारे दहा अंश जागा व्यापते. एखादा तारा झाडाच्या शेंड्याशी धरून ठेवावा आणि दोन घटकांनी पुन्हा पाहावे. तो मुठीहून थोडा अधिक सरकलेला दिसेल. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

नक्षत्रांचा उपयोगही असाच प्रत्यक्ष दाखविता येतो. बाजेसारखा चौकोन आणि त्यामागे तीन तारे अशी सप्तर्षींची आकृती आहे. चौकोनातील क्रतू व पुलह हे दोन तारे जोडून रेषा पुढे वाढविली की ध्रुव सापडतो आणि उत्तर दिशा निश्चित होते. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची ही त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. चांदूर रेल्वे हे गाव सुमारे एकवीस अंश अक्षांशावर आहे. म्हणून तेथून ध्रुव क्षितिजाच्या वर साधारण दोन मुठींवर दिसतो. आपल्या गावाचा अक्षांश मुलाला अशा रीतीने हाताने मोजता येतो.

महिन्यांची नावेही आकाशातूनच आली आहेत. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. भाषेच्या अभ्यासकाने हे विशेष ध्यानात घ्यावे. रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत एक जुने निरीक्षण जतन झाले आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री बाहेर येऊन कोणालाही ते पडताळता येते.

४.४ पंचांग आणि ऋतू

दीक्षितांच्या काळात महाराष्ट्रात पंचांगाचा वाद तीव्र झाला होता. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आकाशाशी जुळेनासे झाले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक गणिताच्या आधारे पटवर्धनी पंचांग सुरू करून पहिले पाऊल टाकले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे त्याही पुढे गेले. त्यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला.

हा वाद काय होता? वऱ्हाडातील उदाहरण घेऊ. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. आपल्याकडे ‘मिरग’ लागला की शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या तेजात लपलेले असतात. ते हिवाळ्याच्या रात्री डोक्यावर येतात. मुले नेमके हेच विचारतात : मृग लागला, पण तो दिसत का नाही? या प्रश्नाचे उत्तर देताना सूर्य, पृथ्वी आणि तारे यांचा सारा संबंध उलगडतो.

आता यातील अडचण पाहा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिमंद गतीने डुलतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. वीस मिनिटे क्षुल्लक वाटतात. परंतु सुमारे बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला; आपण मकरसंक्रांत साजरी करतो ती जानेवारीच्या मध्यावर. हे अंतर याच कारणाने पडले आहे आणि ते वाढत जाणार आहे. ताऱ्यांना धरून राहणारी पद्धती ती निरयन, ऋतूंना धरून राहणारी ती सायन. ज्या सणांचे नाते ऋतूंशी आहे, ते ऋतूंतच राहावेत, ही सायनवाद्यांची भूमिका होती.

गणिताच्या दृष्टीने ही भूमिका भक्कम होती. समाजाने मात्र ती स्वीकारली नाही. काही वर्षी सायन आणि प्रचलित पंचांगांतील सणांत महिनाभराचे अंतर पडे. शेजारच्या घरी श्रावण आणि आपल्या घरी भाद्रपद, अशी स्थिती कोणत्याही गावाला मानवणारी नव्हती. सण हा गणिताइतकाच सोबतीचाही विषय असतो. दीक्षितांचा पक्ष घराघरांत पोहोचला नाही. मात्र २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली, तिचे महिने ऋतूंशी बांधलेले आहेत. लेले, मोडक व दीक्षित यांनी मांडलेले तत्त्व त्यांच्यामागे असे मर्यादित स्वरूपात मान्य झाले.

४.५ शिलालेखांची साक्ष

आकाशाच्या ज्ञानाचा उपयोग इतिहासाला कसा होतो, हे दीक्षितांनी दाखवून दिले. गुप्त राजांच्या लेखांत गुप्त संवताची वर्षे दिलेली आहेत. पण हा संवत केव्हा सुरू झाला, याविषयी विद्वानांत मोठा मतभेद होता. पुरालेखविद जॉन फेथफुल फ्लीट हे या लेखांचे संपादन करीत होते. त्यांना दीक्षितांच्या गणिताची मदत झाली.

मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी चंद्रसूर्यांवरून ठरते. वार मात्र अखंड मोजणीने चालतो. संवताचा आरंभ चुकीचा धरला, तर तिथी आणि वार यांची जोडी सहसा जुळत नाही. ३१९–३२० हा आरंभ धरून गणित केले असता २१ जून ४८४ हा दिवस येतो, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. दगडावर कोरलेल्या एका वाराने असा संपूर्ण राजवंशाचा काळ निश्चित करण्यास साहाय्य केले. पुढे रॉबर्ट स्यूअल यांच्यासह दीक्षितांनी भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

४.६ कृत्तिका कोठे उगवतात?

दीक्षितांचे सर्वांत प्रसिद्ध अनुमान कृत्तिकांविषयीचे आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा आशयाचा उल्लेख येतो. अनेकांनी तो वाचला होता. दीक्षितांनी तो वाचून आकाशाकडे पाहिले. आज कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत नाहीत. चांदूर रेल्वेच्या अक्षांशावरून पाहिल्यास त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस अडीच मुठींहून किंचित अधिक अंतरावर उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत होत्या? अक्षाच्या डुलण्याचे गणित मागे नेले असता तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे येतो. ते निरीक्षण त्या काळचे असावे, असे दीक्षितांनी मांडले.

हे अनुमान सर्वांनी मान्य केले असे नाही. मूळ उल्लेख ढोबळ असावा, किंवा जुने निरीक्षण परंपरेने नंतरच्या ग्रंथात आले असावे, असे आक्षेप घेतले गेले. विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. निष्कर्ष वादग्रस्त राहिला, तरी एका वाक्याची परीक्षा आकाशात घेता येते, ही पद्धती टिकून राहिली.

४.७ ग्रंथ आणि भाषा

दक्षिणा प्राइज कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिलेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा बृहद्ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ग्रंथ, ग्रंथकार, गणितपद्धती आणि पंचांगे यांचा परामर्श त्यात आहे. पुढे त्याचे हिंदी व इंग्रजी अनुवाद झाले. या विषयाकडे वळणाऱ्या परभाषक अभ्यासकालाही एका मराठी ग्रंथाची दखल घ्यावी लागली, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना आहे. इंग्रजीत लिहिण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तरी आयुष्याचे मुख्य काम त्यांनी मराठीत केले.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच दीक्षितांचे निधन झाले.

४.८ समारोप

दीक्षितांच्या चरित्रातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पदवी हे ज्ञानाचे एकमेव प्रवेशद्वार नाही. शिकविणे आणि संशोधन करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. मुलाचा साधा प्रश्न संशोधनापर्यंत नेऊ शकतो. आणि शास्त्रीय विचार मराठीत पूर्ण सामर्थ्याने मांडता येतो. आपल्या घरातील किंवा शेजारच्या मुलांना आपण आकाश दाखवू लागलो, तर हे चरित्र केवळ परीक्षेपुरते उरणार नाही.

४.९ स्वाध्याय

१. दीक्षितांच्या विचारपद्धतीत ग्रंथ आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचा संबंध कसा दिसतो, ते सोदाहरण लिहा.

२. सायन पंचांग गणिताने भक्कम असूनही समाजाने का स्वीकारले नाही? आपले मत सकारण मांडा.

३. मुंबईसाठी तयार केलेल्या पंचांगातील सूर्योदयाची वेळ चांदूर रेल्वे येथे जशीच्या तशी का लागू पडत नाही? दोन्ही स्थळांच्या रेखांशांत सुमारे पाच अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात, हे लक्षात घ्या.

४. उपक्रम : डिसेंबरच्या प्रारंभी रात्री साडेसातच्या सुमारास एखाद्या लहान मुलासह उघड्या जागी उभे राहा. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे नुकतेच उगवलेले दिसतील. आजच्या काळात जवळजवळ ठीक पूर्वेस उगवतात ते हे तारे. कृत्तिका त्यांच्या किती वर आणि कोणत्या बाजूला आहेत, ते मुठीने मोजा आणि मुलाने विचारलेले प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.