आचार्य धर्मानंद कोसंबी आणि त्यांच्या भाषा

शताब्दी-ग्रंथात ग्रंथकारांची चरित्रे येतात ती प्रथेप्रमाणे. परंतु ग्रंथकार होण्याच्या कितीतरी आधी जो केवळ एक भुकेला वाचक होता आणि हव्या त्या पुस्तकापर्यंत पोचण्यासाठी ज्याला एकामागून एक भाषा शिकाव्या लागल्या, अशा गोमंतकीयाचे स्मरण ग्रंथालयाने विशेष आपुलकीने करावयास हवे. हे गृहस्थ म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टी भागातील साखवाळ या गावी सारस्वत कुटुंबात झाला. घरात बोलणे कोकणी, शिक्षण आणि वाचन मराठी, आणि सरकारदरबारी पोर्तुगीज, अशी त्या काळच्या गोव्याची भाषिक रचना होती. धर्मानंदांच्या वाट्याला शाळा आली ती तुटक तुटक. नारळीच्या बागेचे काम पाहण्यासाठी मुलगा घरी हवा होता, त्यामुळे शिक्षण मराठीच्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. याच रस्त्याने आयुष्य पुढे गेले असते तर साखवाळच्या बागाइतदारांत आणखी एकाची भर पडली असती, इतकेच.

तसे झाले नाही, याचे श्रेय मराठी नियतकालिकांना आहे. १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. त्यातून एका सारस्वत तरुणाने बुद्धाची दीक्षा घ्यावी, हे संपादकांच्या स्वप्नातही नसेल! पुढे मराठीतून मिळाली ती बुद्धचरित्रे त्यांनी वाचली आणि तहान अधिकच वाढली. मूळ बुद्धवचने ज्या भाषेत आहेत ती भाषा आपल्याला येत नाही, आणि आपल्या आसपास कोणालाच येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या गोव्यात पालीचे नावही फारसे कोणी ऐकले नसावे.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. कन्या माणिक हिचा जन्म त्याच वर्षीचा. चरित्रकार या ठिकाणी बहुधा बुद्धाच्या गृहत्यागाची आठवण काढून पुढे जातात. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. बाळाबाईंना या विद्येची किंमत पुरी सात वर्षे मोजावी लागली. हाती तान्ही मुलगी, पतीचा ठावठिकाणा कधी कळे, कधी न कळे. धर्मानंदांनी आपल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात स्वतःविषयी पुष्कळ मोकळेपणाने लिहिले आहे, तरी बाळाबाईंची बाजू सांगणारे पुस्तक मराठीत लिहिले गेले नाही ते नाहीच.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आश्रय मिळाला. पालीकडे जायचे तर आधी संस्कृत पक्के हवे, हे उघड होते. तेवढ्यासाठी ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. अन्नछत्रात एक वेळ जेवावे, अंगावर पुरेसे वस्त्र नाही अशा स्थितीत व्याकरण घोकावे, असा क्रम चालला. पंचविशीच्या गृहस्थाने बटूंच्या पंक्तीत बसून 'कौमुदी' पाठ करणे हे वाटते तितके सोपे नाही. १९०२ मध्ये बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेस त्यांना उमगले की ज्या विद्येच्या शोधात आपण आहोत ती उत्तरेत नव्हे, समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात नांदते आहे.

कलकत्त्याच्या महाबोधि सभेच्या साहाय्याने ते त्याच वर्षी लंकेस पोचले आणि कोलंबो येथील विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी श्रामणेर होऊन राहिले. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहली भिक्षू ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मी भिक्षू ब्रह्मी लिपीत, सयामी सयामी लिपीत. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८२ पासून ग्रंथ काढले ते रोमन लिपीत, आणि चाइल्डर्सचा १८७५ चा पाली कोश इंग्रजीतून. नागरीत जवळजवळ काहीच नव्हते. ज्याला ती भाषा यायची त्याने आधी परक्या अक्षरांत डोके घालावे, गुरूचे विवरण समजण्यापुरती त्या देशाची बोली शिकावी, आणि कोश उघडण्यासाठी इंग्रजीही शिकावी, असा हा अनेक दरवाजांचा वाडा. धर्मानंदांनी प्रत्येक दरवाजा स्वतः उघडला. सिंहली लिपी लंकेत हाताळली, १९०४ मध्ये ब्रह्मदेशात जाऊन ब्रह्मी अक्षरे आत्मसात केली, आणि इंग्रजी शाळेत न शिकता मोठेपणी, प्रवासात आणि गरजेपोटी मिळवली. बहुभाषाविदांची आपल्याकडे जी मिरवणूक निघते तीत धर्मानंद शोभत नाहीत. त्यांना भाषांचा संग्रह करावयाचा नव्हता. एका ग्रंथाने दुसरी भाषा मागितली, दुसरीने तिसरी, आणि ते देत गेले.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास परतले. तेथील नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. स्थैर्य आले, पगारही बरा होता. इतक्यात बडोद्याचे सयाजीराव महाराज यांची गाठ पडली. महाराजांनी देऊ केले ते असे : महाराष्ट्रात कोठेही राहावे, संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत, दरमहा ५० रुपये मिळतील. रक्कम कलकत्त्याच्या वेतनाहून कमी होती. धर्मानंदांनी ती पत्करली. आपण जे मिळविले ते मराठी लोकांना मराठीत द्यावयाचे, या हेतूपुढे त्यांना पगाराचा हिशेब लहान वाटला. बडोद्यातील व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. बडोद्याच्या आमच्या बांधवांना या व्यवहाराचा अभिमान वाटावा, आणि तो रास्तच आहे.

त्याच वर्षी ते अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन हे विद्वान बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचे संपादन अपुरे ठेवून १८९९ मध्ये वारले होते, आणि हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. लॅनमन यांना ते पुरे करणारा माणूस हवा होता. सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखिते शेजारी ठेवून पाठ जुळवू शकेल असा पंडित तेथे कोठून मिळणार? जो मिळाला तो मराठी चार इयत्ता शिकलेला गोमंतकीय होता. परंतु काम होत आले तसा ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव कसे यावे यावरून वाद झाला. आपल्या श्रमाचे स्थान दुय्यम ठरावे हे धर्मानंदांना मान्य झाले नाही आणि १९१२ मध्ये ते परत आले. विद्वत्तेच्या जगातील हा अन्याय नवा नव्हता, आजही तो पुरता संपलेला नाही. धर्मानंदांनी तो बोलून दाखविला आणि तरीही ग्रंथ सोडला नाही. १९१८ ते १९२२, पुन्हा १९२६-२७ आणि १९३१-३२, इतक्या वेळा ते त्या एका पुस्तकासाठी समुद्र ओलांडून गेले.

मधली सहा वर्षे, १९१२ ते १९१८, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेली. चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट असे पालीचे पहिले मोठे मराठी अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. 'निवेदन' हे आत्मचरित्र 'भारत' या गोव्याच्या पत्रात १९१२ पासून क्रमशः येऊ लागले. पुस्तकरूपाने ते १९२४ मध्ये आले. १९२२ नंतर काही वर्षे ते महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात होते, १९२९-३० मध्ये लेनिनग्राडला गेले, आणि परतताच मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगातही जाऊन आले. १९३७ मध्ये मुंबईतील परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला.

भाषा येऊन मिळाले काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'भगवान बुद्ध' या १९४०-४१ मधील त्यांच्या ग्रंथात आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र विरक्त झाला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मानंदांनी जुनी सुत्ते मुळातून तपासली तेव्हा ती कथा गौतमाविषयी नसून 'महापदान सुत्ता'त विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे, असे दिसले. रात्री कोणास न कळता घोड्यावरून पळून जाण्याचेही तसेच. 'अरियपरियेसन सुत्ता'त आईबाप रडत असता गौतमाने केस काढून गृहत्याग केल्याचे आले आहे. त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात, शस्त्रे उचलणाऱ्या समाजाच्या उबगात शोधले. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रात याच रोहिणीच्या वादाला मोठे स्थान मिळाले आहे. बुद्धाच्या मांसाहाराविषयी आणि जुन्या जैन श्रमणांविषयी त्यांनी जे लिहिले त्यावरून मोठे वादळ उठले. मुळाशी गेलेला माणूस सर्वांनाच प्रिय होतो असे नाही.

त्यांच्या श्रमांतील सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. पाली त्यांनी वाचली, शिकविली, एवढेच नव्हे, तर तीत लिहिलेही. 'अभिधम्मत्थसंगह' या कठीण ग्रंथावर त्यांची 'नवनीतटीका' आहे, तीही पालीत, आणि ती १९४१ मधील. 'विसुद्धिमग्गा'ची नागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे काढली. लंकेत परक्या अक्षरांशी झगडलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या अक्षरांत ठेवलेला हा ग्रंथ.

शरीर थकले, उपयोग उरला नाही असे वाटू लागल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि जून १९४७ च्या आरंभी सेवाग्राम आश्रमात देह ठेवला.

हार्वर्डची 'विसुद्धिमग्गा'ची रोमन आवृत्ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये, हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून प्रसिद्ध झाली. वॉरन यांच्या नावाबरोबर मुखपृष्ठावर धर्मानंद कोसंबी हेही नाव आहे. मालेतील ४२ वा खंड १९५७ मध्ये निघाला. तो विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश'. त्याच्या दोन संपादकांपैकी एक वा. वि. गोखले आणि दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी, म्हणजे बाळाबाईंना १९०७ मध्ये कोसबेन येथे झालेला मुलगा. व्यवसायाने तो गणिती होता. संस्कृत त्याने आपल्या हौसेने आणि हिमतीने मिळविले. ज्या ग्रंथालयात ही माला आहे तेथे पितापुत्रांचे हे दोन खंड फळीवर एकमेकांना लागून उभे असतात.