महेंद्रलाल सरकार
डॉ. महेंद्रलाल सरकार (२ नोव्हेंबर, १८३३ – २३ फेब्रुवारी, १९०४) हे बंगालमधील डॉक्टर आणि कलकत्त्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेचे संस्थापक होते. १८६३ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून एम.डी. झाले. आरंभी होमिओपॅथीचे कडवे टीकाकार असलेल्या सरकारांनी १८६७ मध्ये डॉक्टरांच्या सभेत तिचा जाहीर पुरस्कार केला. त्यांचा हा निष्कर्ष आधुनिक वैद्यकाला मान्य नाही. तेव्हाही समव्यावसायिकांनी त्यांना वाळीत टाकले.

१८६९ मध्ये ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ या आपल्या नियतकालिकातून त्यांनी भारतीयांनीच चालवायच्या विज्ञानसंस्थेची कल्पना मांडली. लोकवर्गणीतून ती २९ जुलै, १८७६ रोजी बोबाजार भागात सुरू झाली. तेथे विज्ञानावर जाहीर व्याख्याने होत. भौतिकशास्त्रावर स्वतः सरकार आणि सेंट झेवियर्स कॉलेजचे बेल्जियन फादर यूजीन लाफाँ बोलत. उपकरणे श्रोत्यांसमोर चालवून दाखवण्यात लाफाँ यांचा हातखंडा होता.

व्याख्याने ही सरकारांच्या मते केवळ पहिली पायरी होती. भारतीयांनी मूलभूत संशोधन करावे, हा त्यांचा खरा हेतू. मात्र पूर्णवेळ प्राध्यापकांच्या वेतनासाठी पुरेसा निधी जमला नाही आणि त्यांच्या हयातीत संस्था मुख्यतः व्याख्यानगृहच राहिली. अखेरच्या वर्षांत ही खंत त्यांनी उघडपणे व्यक्त केली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, सरकारी वित्त खात्यात नोकरी करणारे चंद्रशेखर वेंकट रामन कचेरीच्या वेळेबाहेर तेथील प्रयोगशाळेत काम करू लागले. १९२८ मध्ये रामन परिणामाचा शोध तेथेच लागला.