जाक मोनो : नकाराचा शोध

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. दहावीनंतर विज्ञान घ्यायचे की नाही, याची चर्चा फीपाशी सुरू झाली आणि तिथेच संपली. त्यामुळे ग्रंथालयातल्या विज्ञानाच्या कपाटाकडे मी परक्याच्या घरात शिरावे तसा जात असे. तिथेच जाक मोनो भेटले.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० चा, पॅरिसचा. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी पोलिओने एक पाय अधू केला, तरी पुढे हे गृहस्थ डोंगर चढत! चेलो हे वाद्य ते उत्तम वाजवीत. १९३६ साली अमेरिकेत आनुवंशिकी शिकायला गेले आणि प्रयोगशाळेपेक्षा संगीतातच जास्त रमले. १९३४ साली ज्या जहाजातून ते ग्रीनलंडला जाऊन आले होते, ते याच १९३६ साली आइसलंडजवळ बुडाले. एकच माणूस वाचला. अमेरिकेला गेले नसते तर कदाचित मोनोही त्यावर असते.

डॉक्टरेट मिळाली १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. जंतूंना दोन साखरा एकत्र दिल्या, तर ते आधी एक संपवतात, थोडे थांबतात आणि मग दुसरीकडे वळतात, असे त्यांना आढळले होते. हे थांबणे कशासाठी? उत्तर मिळायला पुढे जवळजवळ वीस वर्षे लागली. मध्ये युद्ध आले. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये मोनो भूमिगत चळवळीत होते, आणि गुप्त कागद जिराफाच्या सांगाड्याच्या पोकळ हाडांत लपवीत.

युद्धानंतर पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकोब सोबतीला आले. दुधातली साखर मिळाली की जंतू ती पचवणारे विकर बनवू लागतो. साखरच तसा हुकूम देते, असे मोनोंचे मत होते. १९५९ साली आर्थर पार्डी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ते उलटे ठरवले. विकर बनवायची तयारी जनुकात आधीचीच असते; एक निरोधक त्यावर बसून नकार देत असतो, आणि साखर फक्त त्याला उठवते. मोनोंनी इतक्या वर्षांचे आपले मत सोडले. मला त्यांचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो. निरोधक प्रथिन नसावा, हा त्यांचा पुढचा अंदाजही चुकला. तो प्रथिनच आहे, हे १९६६ साली गिल्बर्ट व म्युलर-हिल यांनी दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी मोनो, जाकोब व ल्वोफ यांना नोबेल मिळाले होते.

३१ मे १९७६ रोजी कान येथे मोनो वारले. माणसाच्या पेशींतही असे निरोधक आहेत. १९९५ साली वर्णन झालेला 'रेस्ट' हा त्यांतलाच एक. मज्जापेशीची जनुके इतर पेशींत तो गप्प ठेवतो.

दिवाळीच्या सुट्टीत उसाला पाणी देताना हे मी वडिलांना सांगितले. त्यांना ते लगेच उमगले. पाट वाहताच असतो, आपण नुसते दार मोडायचे, असे ते म्हणाले. मग खोरे थांबवून त्यांनी विचारले, की पाणी पुरे झाल्यावर ते दार पुन्हा कोण बांधतो? साखर संपली की निरोधक आपणच जागेवर येऊन बसतो, असे मी सांगितले. तोवर वाफा भरला होता.